चार बाया, एक मोटार आणि आयोवाचा चिखल



मागच्या आषाढातली आमची फजिती तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या कानावर आली असेल. आली नसेल तर आमच्याच तोंडून ऐका. गटाच्या कर्जाच्या कागदांसाठी आम्ही अकरा जणी तालुक्याला गेलो होतो. परतताना वडापच्या जीपमध्ये बसलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि मावळतीकडे आभाळ भरून आलं होतं. गावाच्या अलीकडे ओढ्यावर फरशी पूल आहे. तिथं पोचलो तर पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं. ड्रायव्हरनं जीप थांबवली. "मावशी, जरा ओसरू द्या," म्हणाला. आणि आम्ही काय म्हणालो? "पोरं शाळेतून येऊन बसली असतील, म्हशीच्या धारा राहिल्यात, घे की रे बाबा हळूहळू." त्यानं घेतली. पुलाच्या मधोमध इंजिनात पाणी शिरलं आणि जीप बंद पडली.

ड्रायव्हर पाण्यातून काठ गाठून ट्रॅक्टर आणायला गेला. आम्ही जीपमध्ये. अंधार पडला. बॅटरी कुणाकडं नव्हती. दोन मोबाइल होते, एकाची रेंज गेलेली आणि एकाचं चार्जिंग संपलेलं. आमच्यातल्या थोरल्या काकूंना साखरेचा त्रास आहे, दुपारपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. अकरा पिशव्या उलट्यापालट्या केल्या तेव्हा एकीच्या पिशवीत देवाच्या प्रसादाचा गुळाचा खडा सापडला. तीन तासांनी ट्रॅक्टर आला आणि आम्ही सुटलो. नंतर कळलं, जीपमध्ये मागच्या सीटखाली चांगला जाड दोर होता, टॉर्चही होती. ते ठाऊक होतं फक्त ड्रायव्हरला, आणि तो तर काठापलीकडं गेलेला. पाणी आणखी हातभर चढलं असतं तर आज इथं दुसऱ्याच कुणी बोलत असत्या.

यंदा रेडिओवर इतिहासाचं भाषण द्यायची पाळी आमच्या गटावर आली तेव्हा राजाराणीचा विषय नकोच म्हटलं. जिथं रस्ता नव्हता तिथं गाडी घेऊन गेलेल्या, गाडी बिघडली तेव्हा रडत न बसलेल्या बाया कुणी झाल्या का, ते शोधलं. झाल्या आहेत. आज दोघींची गोष्ट सांगतो. एकीची थोडक्यात, दुसरीची जरा सविस्तर.

पहिली जर्मनीतली. बर्था बेन्झ तिचं नाव. तिचे यजमान कार्ल बेन्झ यांनी पेट्रोलवर चालणारी तीन चाकांची मोटार बनवली आणि १८८६ साली तिचं पेटंट घेतलं. त्या कारखान्यात बर्थाच्या माहेरचा पैसा घातलेला होता, तोही लग्नाआधीपासून. पण मोटार कुणी विकत घेईना. लोक म्हणायचे, ही घोड्यावाचून कुठवर जाणार? कार्ल हे हुशार पण भिडस्त गृहस्थ, मोटार गावाबाहेर लांब न्यायला बिचकायचे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, बर्थानं दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मोटार बाहेर काढली. एक मुलगा पंधरा वर्षांचा, एक चौदाच्या आतला. निघाली कुठं? माहेरी. मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, शंभर किलोमीटरच्या थोडं वर. वाट घोडागाड्यांची, धुळीची, खडीची.

वाटेत काय काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. इंधनाची नळी तुंबली, तर तिनं टोपीला लावायच्या लांब पिनेनं ती मोकळी केली. आपल्या अंबाड्याच्या आकड्यासारखीच ती वस्तू. एक तार उघडी पडली, तर पायमोजा घसरू नये म्हणून बांधायचा पट्टा काढून तिच्यावर गुंडाळला. साखळीनं दगा दिला तेव्हा लोहार गाठला. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले, तर मोच्याकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. पेट्रोल पंप तेव्हा जगात कुठं नव्हता. व्हीस्लोख नावाच्या गावात औषधाच्या दुकानात शिरून तिनं लिग्रोइन मागितलं. हे कपड्यांवरचे डाग काढायचं द्रव्य, मोटार त्याच्यावरच चालायची. चढ आला की पोरं उतरून ढकलायची. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार केली.

आम्हाला यात सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्याच्या पुढचं. परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं की चढावर गाडी दम टाकते, आणखी एक गिअर हवा. तो बसवला गेला. घरात बसून जी खोट दिसली नसती, ती वाटेवर दिसली.

आता दुसरी. ही अमेरिकेतली, हिचं नाव ॲलिस रॅमसे. ९ जून १९०९ या दिवशी, भर पावसात, बावीस वर्षांची ही बाई न्यूयॉर्क शहरातून मोटार घेऊन निघाली आणि ७ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. एकोणसाठ दिवस. देशाच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, सुमारे ६,१०० किलोमीटर. स्वतः मोटार चालवत अमेरिका ओलांडणारी ती पहिली स्त्री. सोबत तीन बाया. नेटी पॉवेल आणि मार्गारेट ॲटवुड या तिच्या दोघी नणंदा, चाळिशीच्या पुढच्या, आणि हर्मीन यान्स ही तरुण मैत्रीण. गाडी चालवता येत होती ती फक्त ॲलिसला. दोन नणंदांना घेऊन दोन महिने एका गाडीत, हे ऐकून आमच्या बैठकीत बराच वेळ हशा चालला होता.

ॲलिसच्या घरी आधी घोडाच होता. एकदा बाजूनं मोटार भरधाव गेली, घोडा बुजला आणि उधळला. नवऱ्याला वाटलं, त्यापेक्षा हिला मोटारच घेऊन दिलेली बरी. हे वकील होते, वयानं तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, आणि स्वतः मोटार कधी शिकले नाहीत. १९०८ च्या एका उन्हाळ्यात ॲलिसनं सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर गाडी चालवली. त्याच वर्षी लांब पल्ल्याच्या एका शर्यतीत मॅक्सवेल कंपनीच्या माणसानं तिला पाहिलं आणि कंपनीनं विचारलं, आमची मोटार घेऊन देश ओलांडशील का? खर्च कंपनीचा. बाई चालवू शकते म्हणजे कुणीही चालवू शकेल, अशी जाहिरात त्यांना करायची होती. आम्हाला हे वाचताना जरा टोचलं. पण ॲलिसनं संधी घेतली. मुलगा जेमतेम दोन वर्षांचा, त्याला घरी ठेवून निघाली.

तिच्या आधी सहा वर्षं, १९०३ साली, होरेशिओ जॅक्सन नावाच्या डॉक्टरनं असाच प्रवास उलट दिशेनं केला होता. त्याला त्रेसष्ट दिवस लागले आणि बरोबर मेकॅनिक होता. ॲलिसबरोबर मेकॅनिक नव्हता.

रस्ते कसे होते ते आधी सांगायला हवं, नाहीतर या गोष्टीत काय मोठंसं असं वाटेल. अमेरिकेत लांबचा प्रवास तेव्हा आगगाडीनं व्हायचा. गाडीवाट असायची ती शेतापासून स्टेशनापर्यंत. देशभरच्या रस्त्यांना मध्यवर्ती सरकारनं पैसा द्यायचा कायदा १९१६ साली झाला, म्हणजे ॲलिसच्या प्रवासानंतर सात वर्षांनी. तिच्या सगळ्या वाटेत पक्का रस्ता होता सुमारे २४५ किलोमीटर. बाकी माती, वाळू, खडी आणि बैलगाडी-घोडागाडीच्या चाकोऱ्या.

नकाशाही अर्ध्याच देशाचा. पूर्वेकडच्या भागासाठी वाटा सांगणारं छापील पुस्तक मिळायचं, त्यात अमुक घरापासून डावीकडं, तमुक पुलावरून उजवीकडं असं लिहिलेलं. एके ठिकाणी लिहिलं होतं, पिवळ्या घरापाशी वळा. या बाया पुढंपुढं जात राहिल्या, पिवळं घर काही येईना. शेवटी विचारल्यावर कळलं की घराच्या मालकाला मोटारींचा भयंकर राग, म्हणून त्यानं घराला हिरवा रंग दिला होता. आपल्याकडं "वडापासून आत वळा" म्हणून सांगतात आणि वड रस्ता रुंद करताना गेलेला असतो, तशातली गत. पुढं पश्चिमेला तर तेही पुस्तक संपलं. मग ॲलिसनं खूण धरली तारेच्या खांबांची. जिथं दोन वाटा फुटतील तिथं ज्या खांबांवर तारा जास्त, ती वाट धरायची. तारा जास्त म्हणजे पुढं गाव मोठं. दर वेळी बरोबर यायचंच असं नाही, पण अंदाजाला आधार होता.

गाडी कशी होती? चार सिलिंडरची, तीस हॉर्सपॉवरची, हिरव्या रंगाची मॅक्सवेल. बाजूंनी उघडी, वर मेणकापडासारखं छत. अंगावर लांब डगला, टोपी, तोंडावर जाळी, पावसासाठी वेगळे अंगरखे. दिवे गॅसचे, काडी ओढून पेटवायचे. टाकीत किती तेल उरलं ते बघायला काटा नाही, सीट उचलून पट्टी बुडवून बघायची. आणि सुरू करायला हँडल. आपल्या विहिरीवर जुनं ऑइल इंजिन होतं ते आठवा. हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं तर मनगट मोडायचं, म्हणून जाणते लोक अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरायला शिकवायचे. अशी गाडी ही बाई दिवसातून कितीतरी वेळा सुरू करत होती.

टायर त्या प्रवासात अकरा वेळा बदलावे लागले. आज स्टेपनी बदलतात तसं सोपं ते नव्हतं. चाक तसंच ठेवून लोखंडी पट्ट्यांनी टायर कडेवरून उचकटायचा, ट्यूब ओढून काढायची, भोक शोधायचं, ठिगळ चिकटवायचं, परत आत घालायची आणि हातपंपानं हवा भरायची. सायकलचं पंक्चर काढताना पोरं करतात तेच, फक्त टायर मोटारीचा आणि ऊन डोक्यावर. प्लग साफ करणं, ब्रेकचं मोडलेलं पायडल बांधणं, ही कामंही तिनं स्वतः केली.

आणि मग आयोवा आलं. आयोवा हे मक्याचं राज्य. माती काळी, खोल, सुपीक. आपल्या काळ्या रानात पावसात पाय टाकला की चपलेला दोन शेर माती चिकटते, तसलीच. आणि त्या वर्षी तिथं पाऊस थांबता थांबेना. ५८० किलोमीटरच्या त्या राज्यातून बाहेर पडायला या बायांना तेरा दिवस लागले. कधी घोडे जुंपून गाडी ओढून काढावी लागली. अवघड टप्प्यांत ओझं हलकं करायला सोबतिणी आगगाडीनं पुढं गेल्या. यात नणंदांना कमीपणा वाटला असं कुठं दिसत नाही, रुतलेल्या गाडीतून उतरणं ही मदतच असते.

चिखलात गाडी सगळा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते. इंजिन जोरात फिरतं आणि गाडी मात्र मुंगीच्या पावलानं सरकते, त्यामुळं रेडिएटरला वारा लागत नाही आणि आतलं पाणी उकळून वाफ होऊन जातं. एके ठिकाणी असंच पाणी संपलं. रस्त्याकडेच्या चरात पाणी होतं, पण आणायचं कशात? बादली बरोबर नव्हती. तेव्हा दोघी नणंदांना आठवलं, आपल्या सामानात टूथब्रश ठेवायच्या काचेच्या डब्या आहेत, चांदीच्या झाकणाच्या. त्या डब्या घेऊन दोघी चरापासून गाडीपर्यंत खेपा घालत राहिल्या, ओंजळभर पाण्याची एकेक खेप, रेडिएटर भरेपर्यंत.

ही गोष्ट सांगताना लोक हसतात. आम्हीही हसलो. पण हसून झाल्यावर एकीनं विचारलं, एवढं सामान घेऊन निघाल्या तर बादली कशी नाही घेतली? खरंय. तयारी करून निघालेल्यांचंही काहीतरी राहतंच. फरक एवढाच की आपल्याजवळ काय काय आहे हे त्या दोघींच्या डोक्यात पक्कं होतं. आमच्या जीपमध्ये गुळाचा खडा होता, पण तो आहे हे कळायला अकरा पिशव्या उपसाव्या लागल्या.

त्याच आयोवात एका ओढ्यानं त्यांना अडवलं. वीझल क्रीक त्याचं नाव. पाणी चढलेलं, पलीकडं जायला दुसरा रस्ता नाही. आता इथं ॲलिसची स्थिती बघा. लवकर पोचू म्हणून निघालेली, पण दिवस तर भराभर चाललेले. कंपनीचा माणूस आगगाडीनं पुढच्या गावी जाऊन बसलेला, वर्तमानपत्रवाले वाट बघताहेत. गाडीत ओल्या कपड्यांत, भुकेल्या तिघी. कुणालाही वाटेल, घे की बाई हळूहळू. ॲलिसनं गाडी पाण्यात घातली नाही. चौघींनी त्या रात्री ओढ्याकाठी, मोटारीतच बसल्याबसल्या डोळा लावला. सकाळी पाणी उतरलं, मग पलीकडं गेल्या.

हा भाग वाचला तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरल्या काकूच म्हणाल्या, "त्या बाईला कुणी घाई केली नाही, आपण त्या पोराला केली."

तेव्हा इथं थोडं थांबून पाण्याचं सांगतो, कारण हे आम्ही नंतर विचारून घेतलं. वाहतं पाणी वीतभर असलं, तरी धडधाकट माणसाचे पाय त्यात निसटू शकतात. दोन फूट वाहत्या पाण्यात जीपसारखी जड गाडीसुद्धा तरंगून वाहून जाऊ शकते. वरून बघून खोली कळत नाही आणि खाली पूल शाबूत आहे की खचला तेही कळत नाही. आणि इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा चावी मारायची नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यानं आतले लोखंडी दांडे वाकतात. आमच्या ड्रायव्हरनं भीतीपोटी पाच-सहा वेळा मारली. नंतर दुरुस्तीचं बिल त्याला भरावं लागलं. ते आम्ही गटातून थोडं थोडं काढून अर्धं दिलं, ते न्यायाचंच होतं.

आयोवाच्या पुढं नेब्रास्का, मग वायोमिंग. इथं चिखल कमी झाला, पण रस्ताच नाहीसा झाला. गुरांच्या मोठमोठ्या कुरणांमधून वाट जायची. तारेची कुंपणं आडवी, प्रत्येक ठिकाणी उतरून फाटक उघडायचं आणि गाडी गेली की परत लावायचं, नाहीतर लोकांची गुरं बाहेर पडतील. एके ठिकाणी पुरानं नदीवरचा पूल वाहून गेलेला. तेव्हा परवानगी काढून ॲलिसनं मोटार रेल्वेच्या पुलावर चढवली. खाली फळ्या नाहीत, नुसते लाकडी स्लीपर आणि मधून दिसणारं पाणी. चाक एका स्लीपरवरून दुसऱ्यावर आदळत, किलोमीटरभराहून जास्त अंतर. बाकीच्या तिघी पायी चालल्या.

वाटेतली भीती सगळीच खरी नव्हती. नेवाडात एकदा समोरून घोड्यांवर बसलेले तिथले मूळ रहिवासी धनुष्य ताणून दौडत आले. बायांच्या पोटात गोळा आला. ते लोक गाडीला ओलांडून पलीकडं गेले, त्यांच्यापुढं ससा पळत होता.

यूटात मोठा दणका बसला. तिकडं माळावर खारीच्या कुळातले प्राणी बिळं करून राहतात, प्रेअरी डॉग म्हणतात त्यांना. अशाच एका बिळात चाक आपटलं आणि पुढची दोन चाकं एकमेकांना बांधणाऱ्या दांड्याचा बोल्ट निघून गेला. चाकं फाकली, गाडीनं नाक टेकलं. आजूबाजूला मैलोगणती माणूस नाही. तात्पुरती जोड करून गाडी रांगत पुढच्या वाडीपर्यंत नेली, तिथं भट्टी होती, तिथं लोखंड तापवून नीट करून घेतलं. त्या पट्ट्यात ॲक्सल मोडायचे प्रसंगही आले. तेव्हा कंपनीनं सुटा भाग आगगाडीनं पाठवला.

हे म्हणून मुद्दाम सांगतो की ॲलिस एकटीच्या बळावर गेली असं कुणी समजू नये. पुढं माणूस होता, तारा होत्या, गावोगाव कंपनीचे विक्रेते होते, लोहार होते, घोडे देणारे शेतकरी होते. ती कुठं आहे, कधी पोचायला हवी, हे पुढच्या गावी कुणाला तरी ठाऊक असायचं. आम्ही अडकलो त्या दिवशी घरी सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की बाया तालुक्याला गेल्यात. कोणत्या गाडीनं, कोणत्या वाटेनं, किती वाजता निघाल्या, कुणालाच पत्ता नव्हता. ओढ्याची वाट सोडून वरच्या पक्क्या रस्त्यानंही येता आलं असतं, त्यामुळं शोधायला निघालेले दोघे जण आधी तिकडंच गेले.

शेवटी ही मंडळी कॅलिफोर्नियात उतरली आणि होडीतून मोटार पार करून सॅन फ्रान्सिस्कोत पोचली. मोटारींची मिरवणूक निघाली, फोटो निघाले. ॲलिस मात्र आगगाडीनं घरी परतली आणि पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. म्हणून काही तिनं गाडी सोडली नाही. पुढच्या आयुष्यात तिनं तीसहून अधिक वेळा देश मोटारीनं ओलांडला. आपल्या त्या पहिल्या प्रवासाचं पुस्तक तिनं १९६१ साली लिहिलं, तेव्हा ती चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर वर्षांची होती. १९८३ साली ती वारली. मोटारीच्या जगात ज्यांनी मोठं काम केलं त्यांच्या मानाच्या दालनात तिचं नाव २००० साली लागलं. तिथं मान मिळालेली ती पहिली स्त्री. मरणानंतर सतरा वर्षांनी.

एक छोटी गोष्ट राहिली. ॲलिस चिखलात होती त्याच १९०९ साली इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट नावाच्या मोटार चालवणाऱ्या बाईचं पुस्तक निघालं, बायका आणि मोटार याच विषयावर. त्यात तिनं सांगितलं की सीटखालच्या खणात हातआरसा ठेवा. तोंड बघायला तर होईलच, पण मधूनमधून वर धरला की मागून कोण येतंय तेही दिसेल. मोटारीला आरसा बसवायची पद्धत तेव्हा आली नव्हती. त्याच खणात तिनं हातमोजे, रुमाल आणि चॉकलेटही ठेवायला सांगितलं आहे. चॉकलेट वाचल्यावर आम्ही सगळ्या थोरल्या काकूंकडं बघायला लागलो.

तर हे वाचून झाल्यावर आम्ही त्याच ड्रायव्हरला बैठकीला बोलावलं. आधी लाजला, मग खुलला. त्यानं जीप देवळापुढं उभी केली आणि एकेक दाखवलं. जॅक कुठं असतो आणि गाडीखाली नेमका कुठं लावायचा. चाकाचे नट गाडी उचलायच्या आधीच थोडे सैल करायचे, कारण उचलल्यावर चाक गरगर फिरतं. रेडिएटर तापला असेल तर झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं. चाक चिखलात रुतलं तर ॲक्सिलेटर दाबत राहायचं नाही, चाक आणखी खड्डा करतं. सगळ्यांनी उतरायचं, चाकापुढची माती हातानं काढायची आणि पऱ्हाट्या, तुराट्या, पोती, सपाट दगड जे मिळेल ते खाली सारायचं. ढकलताना मागच्या चाकाच्या बरोबर मागं उभं राहायचं नाही. हे सगळं आमच्यातल्या निम्म्या जणींना बैलगाडीमुळं आधीच येत होतं, जीपपुढं ते आठवलं नव्हतं इतकंच.

गटाची म्हणून एक पिशवीही केली. टॉर्च, काडेपेटी, पाण्याची पाच लिटरची कॅन, गूळ-शेंगदाणे, ओआरएसच्या पुड्या, स्वच्छ सुती कापड, शिटी, आणि एका कागदावर सगळ्यांच्या घरचे नंबर. मोबाइल बंद पडला की कुणालाच कुणाचा नंबर पाठ नसतो, हे त्या रात्री कळलं. १०८ मात्र आता लहान पोरींनाही पाठ आहे. पिशवी जिच्या हाती असेल तिनं निघताना सरपंचबाईंच्या घरी सांगून निघायचं, कोणत्या वाटेनं आणि कधीपर्यंत.

बैठकीच्या शेवटी सुनांपैकी एकीनं ड्रायव्हरला विचारलं, "दादा, स्टेपनी तेवढी दाखवायची राहिली." त्यानं मागं जाऊन खोलली, वरून हातानं दाबली आणि आमच्याकडं बघून कान खाजवला. स्टेपनी बसलेली होती. गेल्या दिवाळीपासून तशीच, म्हणाला. दोघी जणी लगेच ती उतरवून पंक्चरवाल्याकडं घेऊन गेल्या, बाकीच्या तिथंच देवळाच्या पायरीवर बसलो. जाक काढून होईपर्यंत अंधार पडला होता, पण या वेळी टॉर्च होती.

पुढच्या सोमवारी याच वेळी शेजारच्या वाडीचा गट बोलणार आहे. नमस्कार.